एमपीयू-६०५० चालता चालता बंद पडतो: शून्य, उणे एक, गोठलेला आकडा की अख्खा बोर्ड ठप्प?

टेबलावर सगळं नीट चालतं. मॉड्यूल हातात धरून फिरवलं की कोन बदलतो, ठेवलं की स्थिर होतो. मग ते रोबोवर बसवायचं, मोटर जोडायच्या, आणि पाच-दहा मिनिटांत वाचन थांबतं. रीसेटचं बटण दाबलं की कधी सुरू होतं, कधी होत नाही. वीज काढून परत दिली की मात्र हमखास सुरू होतं. पुन्हा पाच-दहा मिनिटं, पुन्हा तेच.

जीवाय-५२१ नावाने मिळणारं मॉड्यूल आणि त्यावरचा एमपीयू-६०५० हा हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. माझ्या दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या रोबोने मला याच दुखण्यापायी कित्येक रात्री जागवलं. त्या काळात मी लायब्ररी बदलली, फिल्टर बदलला, शेवटी मॉड्यूलही बदललं. चूक ही झाली की ‘बंद पडलं’ म्हणजे नेमकं काय झालं, हे मी बघितलंच नव्हतं. हा सेन्सर चार वेगवेगळ्या तऱ्हांनी बंद पडतो आणि त्या सगळ्यांचं कारण एकच नसतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी, बंद पडलेल्या अवस्थेतच त्याच्याकडे नीट बघा. लगेच रीसेट दाबू नका. दाबलात तर पुरावा गेला.

३६.५३ ही खूण

सेन्सरमध्ये तीन अक्षांचा त्वरणमापक आणि तीन अक्षांचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) असतो, आणि सोबत एक तापमापकही असतो. त्याच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, पण दोष शोधताना सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. त्याचं सूत्र असं: कच्च्या आकड्याला (सेन्सरने दिलेल्या मूळ आकड्याला) ३४० ने भागायचं आणि त्यात ३६.५३ मिळवायचे. आता कच्चा आकडा शून्य आला तर? उत्तर बरोब्बर ३६.५३. आणि कच्चा आकडा उणे एक आला तर? ३६.५२७, म्हणजे दोन दशांश स्थळांपर्यंत छापलं तर पुन्हा ३६.५३.

म्हणजे तापमान ३६.५३ वर खिळून बसलं असेल तर ते तापमान नव्हेच. सेन्सरकडून काहीच येत नाहीये. हा आकडा शरीराच्या तापमानाजवळचा असल्यामुळे ‘चिप थोडी गरम झाली असेल’ असं वाटून आपण पुढे जातो. मीही तसाच पुढे गेलो होतो.

म्हणून पहिलं काम: कोन, कालमनसारखे फिल्टर वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि सातही कच्चे आकडे एका ओळीत छापा. तीन त्वरणाचे, एक तापमानाचा, तीन जायरोचे. हे १४ बाइट हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ३बी या रजिस्टरपासून (चिपमधल्या क्रमांक दिलेल्या कप्प्यापासून) सलग मिळतात, प्रत्येक जोडीत वरचा बाइट आधी. या ओळीत दोन गोष्टी तपासायच्या. एक, मॉड्यूल स्थिर असताना त्वरणाचे तिन्ही आकडे मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) एक जी भरलं पाहिजे. ±२ जीच्या पल्ल्यात ते १६३८४ च्या आसपास येतं. गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही, त्यामुळे तिन्ही अक्षांवर शून्य येणं स्थिर मॉड्यूलला शक्य नाही. दोन, जिवंत सेन्सरचे शेवटचे अंक कायम थरथरत असतात. टेबलावर निश्चल ठेवला तरी. सलग दहा ओळी अंकन्‌अंक सारख्या आल्या तर तो आकडा जुना आहे.

सगळी शून्यं: सेन्सर झोपला आहे

सातही आकडे शून्य आहेत आणि सेन्सर आपल्या पत्त्यावर उत्तर देतोय, अशी स्थिती असेल तर निदान जवळपास पक्कं: सेन्सरची वीज क्षणभर तुटली, तो नव्याने सुरू झाला आणि झोपेत राहिला. वीज मिळाल्यावर हा सेन्सर आपण होऊन काम सुरू करत नाही. पॉवर मॅनेजमेंटचं पहिलं रजिस्टर, हेक्स ६बी, सुरुवातीला हेक्स ४० या मूल्यावर असतं, म्हणजे झोपेचा बिट चालू. प्रोग्रामच्या सुरुवातीला आपण तिथे शून्य किंवा एक लिहून त्याला उठवतो. मधल्या झटक्यात मायक्रोकंट्रोलर (आपला प्रोग्राम चालवणारी चिप) तगला आणि सेन्सर मात्र पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर त्याला दुसऱ्यांदा उठवणारं कुणीच नसतं.

खात्री करायची असेल तर दर सेकंदाला हेक्स ६बी वाचून छापा. तुम्ही एक लिहिलं होतं आणि आता ४० दिसतंय, तर वीज तुटली होती यात शंका नाही.

इथे बरेच जण एक पळवाट काढतात: प्रत्येक फेरीत त्या रजिस्टरमध्ये शून्य लिहीत राहायचं. आकडे येऊ लागतात, म्हणून दुखणं गेलं असं वाटतं. पण वीज तुटल्यावर फक्त झोपेचा बिट बदलत नाही, सगळीच रजिस्टरं मूळपदावर जातात. तुम्ही जायरोचा पल्ला ±५०० अंश प्रति सेकंद ठेवून ६५.५ ने भागत असाल, तर झटक्यानंतर सेन्सर ±२५० च्या पल्ल्यावर आलेला असतो आणि तिथला भाजक १३१ आहे. परिणाम असा की मॉड्यूल ९० अंश फिरवलं की पडद्यावर १८० दिसतात. माझा रोबो एका झटक्यानंतर उभा राहायचा पण वेड्यासारखा डुलायचा, त्याचं कारण हे निघालं. तेव्हा पुन्हा उठवायचं तर पूर्ण तयारीनिशी: हेक्स ६बीमध्ये हेक्स ८० लिहून रीसेट, १०० मिलिसेकंद थांबणं, मग १ लिहून जायरोच्या घड्याळावर आणणं, मग दोन्ही पल्ले आणि फिल्टर. हे सगळं एका फंक्शनमध्ये बांधून ठेवा आणि गरज पडेल तेव्हा तेच बोलवा.

तरीही हे झालं वरवरचं मलम. वीज तुटते कशी, ते शोधायला हवं.

माझ्या बाबतीत दोष पिनांच्या सोल्डरमध्ये होता. ही मॉड्यूलं बहुधा पिना सुट्या देऊन येतात, आणि त्या नुसत्या भोकांत खुपसून ब्रेडबोर्डवर बसवल्या तरी सेन्सर चालतो. टेबलावर तर व्यवस्थित चालतो. हलायला लागला की मात्र संपर्क तुटतो-जुळतो, आणि हा सेन्सर तर हलण्यासाठीच बसवलेला असतो! मी सोल्डर केलं होतं, पण व्हीसीसीच्या (वीज घेणाऱ्या) पिनेवर सोल्डरचा गोळा नुसता बसला होता, पिनेला धरला नव्हता. भिंगातून बघितल्यावर पिनेभोवती बारीक काळी फट दिसली. पारखायची सोपी रीत: मोटर बंद ठेवा, कच्चे आकडे छापत ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मॉड्यूलवर, एकेका पिनेजवळ, ब्रेडबोर्डवर हलकेच टकटक करा. कुठल्या टकटकीला शून्यं आली ते लगेच कळतं. हलत्या प्रकल्पात ब्रेडबोर्ड आणि सैल जंपर वायरी ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चाचणी झाली की छिद्रांच्या बोर्डवर सोल्डर करून टाका.

सोल्डर पक्कं असूनही शून्यं येत असतील तर मोटरकडे वळा. मोटर सुरू होताना किंवा दिशा बदलताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते, आणि तीच बॅटरी सेन्सरलाही पुरवत असेल तर व्होल्टेज खाली बसतं. सेन्सर स्वतः अतिशय कमी खातो, जेमतेम ४ मिलिअँपिअर. त्यामुळे त्याला निराळी, स्वच्छ वीज देणं अवघड नाही. मोटरची वीज थेट बॅटरीतून घ्या आणि कंट्रोलर व सेन्सरसाठी वेगळा रेग्युलेटर वापरा. दोघांची ग्राउंड एकाच ठिकाणी, बॅटरीच्या टोकाशी जोडा, म्हणजे मोटरचा परतीचा प्रवाह सेन्सरच्या ग्राउंडच्या वायरीतून जाणार नाही. मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, शक्य तितके पिनांना लागून. ब्रशच्या मोटरच्या दोन टोकांमध्येही ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक बसवा. ठिणग्यांचा गोंगाट उगमापाशीच दाबला जातो.

सगळे उणे एक, किंवा गोठलेला आकडा: उत्तरच येत नाही

वाचायला बाइटच नसेल तर वायर लायब्ररीचं (सेन्सरशी बोलणाऱ्या अर्डुइनोच्या तयार कोडचं) वाचनाचं फंक्शन उणे एक परत देतं. दोन उणे एक जोडले तरी उणे एकच. म्हणून आपण स्वतः लिहिलेल्या साध्या कोडमध्ये सेन्सर गप्प झाला की सातही आकडे उणे एक होतात. तयार लायब्ररी वापरत असाल तर चित्र वेगळं दिसू शकतं: ती वाचलेले बाइट आपल्या बफरमध्ये ठेवते, नवीन आले नाहीत तर बफरमध्ये जुनेच राहतात, आणि तुम्हाला शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा मिळत राहतो. दिसायला दोन लक्षणं, आजार एकच. हे गोठणं तोल सांभाळणाऱ्या यंत्रात घातक ठरतं, कारण प्रोग्रामला वाटतं आपण अजून दोन अंश पुढे कललो आहोत, आणि तो मोटरचा जोर वाढवत नेतो. म्हणून मागितलेले १४ बाइट खरोखर १४ आले का, हे दर वेळी तपासा. नाही आले तर मोटर थांबवा. ही तपासणी नसलेला कोड मी आता मोटरला जोडतच नाही.

उत्तर का येत नाही? मल्टिमीटर घ्या आणि बंद पडलेल्या अवस्थेतच एसडीए (आकडे नेणारी) आणि एससीएल (ठोके नेणारी) या दोन्ही वायरींचं ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. रिकाम्या बसवर, म्हणजे या वायरींवर कुणी बोलत नसताना, दोन्ही वर असायला हवेत, या मॉड्यूलवर साधारण ३.३ व्होल्ट. दोन्ही वर असूनही उत्तर नाही, तर संशय पुन्हा विजेवर, ग्राउंडवर किंवा पत्त्यावर. एडी० पिन खाली असेल तर पत्ता हेक्स ६८, वर असेल तर ६९. जीवाय-५२१ वर ती पिन रेझिस्टरने खाली ओढलेली असते, पण काही दुसऱ्या बोर्डांवर मोकळी सोडलेली असते आणि मग पत्ता मनाला येईल तसा बदलतो. मोकळी असेल तर सरळ ग्राउंडला जोडून टाका.

आणि एसडीए शून्यावर अडकलेला दिसला, तर या प्रकरणाच्या मुळाशी तुम्ही पोचलात.

आयटूसी ही चिपांनी या दोन वायरींवरून बोलायची पद्धत, आणि तिच्या बसवर दर बिटाचा ठोका कंट्रोलर देतो. सेन्सर एखादा बाइट पाठवत असतो, त्यातला शून्याचा बिट चालू असतो म्हणून त्याने एसडीए खाली ओढलेला असतो, आणि नेमक्या त्या क्षणी ठोके थांबतात. कंट्रोलर रीसेट झाला म्हणून, किंवा मोटरच्या गोंगाटाने एखादा ठोका खोटा मोजला गेला म्हणून. श्रोत्याच्या हुंकारासाठी अर्ध्या वाक्यावर थांबलेल्या माणसासारखा सेन्सर पुढच्या ठोक्याची वाट बघत बसतो, एसडीए तसाच खाली धरून. कंट्रोलरला वाटतं की बस दुसरं कुणी वापरतंय, म्हणून तोही थांबतो. रीसेटच्या बटणाने हे सुटत नाही, कारण ते बटण फक्त कंट्रोलरला रीसेट करतं. सेन्सरला त्याची खबरही नसते. वीज काढल्यावरच का सुटतं, ते आता लक्षात येईल.

सुटका वीज न काढताही होते. प्रोग्रामच्या सुरुवातीला, वायर लायब्ररी सुरू करण्याआधी, एसडीए इनपुट ठेवा आणि एससीएलवर जास्तीत जास्त ९ ठोके द्या. सेन्सरचा उरलेला बाइट पूर्ण होतो आणि तो एसडीए सोडतो. मग एक थांबा-संकेत द्या: एससीएल खाली असताना एसडीए खाली आणा, आधी एससीएल सोडा, मग एसडीए सोडा. त्यानंतर नेहमीप्रमाणे वायर लायब्ररी सुरू करा. यात एक काळजी घ्या: पिन वर नेताना तिला आउटपुट करून ५ व्होल्ट देऊ नका. खाली न्यायची तेव्हा आउटपुट करून शून्य, वर न्यायची तेव्हा इनपुट करून सोडून द्यायची. वर ओढण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो.

हीच सुटका मी चालू प्रोग्राममध्येही ठेवली आहे. लागोपाठ तीन वाचनं फसली की मोटर थांबते, ९ ठोके जातात, सेन्सरची पूर्ण मांडणी नव्याने होते आणि मोजणी एकने वाढते. ती मोजणी फार उपयोगी आहे. वायरींत केलेला बदल लागू पडला की नाही, हे तिच्यावरून कळतं.

अख्खा बोर्ड ठप्प

छापणंच थांबलं, दिवा लुकलुकायचा थांबला, तर प्रोग्राम वायर लायब्ररीच्या आत अडकला आहे. अर्डुइनो उनो, नॅनो यांसारख्या एव्हीआर बोर्डांच्या जुन्या लायब्ररीत बस मोकळी होण्याची वाट बघणाऱ्या फेऱ्या होत्या आणि त्यांना मुदतच नव्हती. बस अडकली की प्रोग्रामही कायमचा अडकला. २०२० मध्ये त्यात सेटवायरटाइमआउट हे फंक्शन आलं, पण ते आपोआप चालू होत नाही, तुम्हाला बोलवावं लागतं. मुदत मायक्रोसेकंदांत द्यायची. २५,००० ही तिथली नेहमीची मुदत आहे, पण तोल सांभाळायचा असेल तर मी ३,००० ठेवतो. दुसरा पॅरामीटर ट्रू ठेवा, म्हणजे मुदत संपल्यावर आयटूसीचं हार्डवेअरही नव्याने सुरू होतं. बोर्डाचं पॅकेज जुनं असेल तर आधी ते अद्ययावत करा. केवळ वॉचडॉगवर (प्रोग्राम अडकला की रीसेट करणाऱ्या टायमरवर) विसंबू नका: वॉचडॉग कंट्रोलरला रीसेट करेल, पण एसडीए अडकलेलाच असेल तर ९ ठोक्यांशिवाय पुन्हा तिथेच अडकाल.

वायरी, पुल-अप आणि व्होल्टेजची काठावरची गोष्ट

सोल्डर नीट केल्यावर माझी शून्यं गेली, पण उणे एक राहिले. कारण एसडीए-एससीएलच्या वायरी मी मोटरच्या वायरींसोबत एकाच पट्टीने नीटनेटक्या बांधल्या होत्या. दिसायला सुबक, कामाला वाईट. आयटूसी हे एकाच बोर्डवरच्या चिपांनी आपसांत बोलावं म्हणून घडवलेलं माध्यम आहे. हातभर वायर त्याला मानवत नाही. वायर वीतभराच्या आत ठेवा, मोटरच्या वायरींपासून दूर न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. पीळ द्यायचा तर एसडीएला ग्राउंडसोबत आणि एससीएलला व्हीसीसीसोबत द्या. एसडीए-एससीएल एकमेकांत पिळले तर एकाची खडखड दुसऱ्यात उतरते.

बसचा वेग ४०० किलोहर्ट्झवरून १०० वर आणा. ४०० ला संकेत ३०० नॅनोसेकंदांत वर चढायला हवा, १०० ला १००० नॅनोसेकंद चालतात. ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि वायरींसह १०० पिकोफॅरड धरले तर चढायला सुमारे ४०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ४०० किलोहर्ट्झवर तुम्ही आधीच नियमाबाहेर आहात. चालतं, कारण चिपा उदार असतात. मोटर सुरू झाली की ती उदारता संपते.

पुल-अपबद्दल उलटी चूकही होते. एकाच बसवर सेन्सर, डिस्प्ले, दाबमापक अशी पाच मॉड्यूलं लावली आणि प्रत्येकावर ४.७ किलोओहमची जोडी असली, तर सगळे समांतर मिळून एक किलोओहमच्याही खाली येतात. मग बस खाली ओढायला साडेतीन मिलिअँपिअर लागतात, आणि साध्या आयटूसीत चिपेने ओढण्याची हमी ३ मिलिअँपिअरचीच असते. जास्तीचे रेझिस्टर काढून टाका.

आता काठावरची गोष्ट. उनोवरचा ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा३२८पी बसवरचा ‘वर’ हा संकेत नक्की ओळखतो तो आपल्या विजेच्या ७० टक्क्यांपासून, म्हणजे ३.५ व्होल्टपासून. मॉड्यूलचे पुल-अप तर ३.३ व्होल्टला जोडलेले. उनोच्या आतले कमजोर पुल-अप ५ व्होल्टकडे थोडं ओढतात म्हणून बस साडेतीनच्या जवळपास पोचते, नेमकी सीमेवर. त्यामुळे हे जोडणं बहुतेक वेळा चालतं आणि गोंगाट वाढला की चुकतं. ३.३ व्होल्टचा कंट्रोलर वापरा, किंवा मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेज जुळवणारा) घाला. बसला बाहेरून ५ व्होल्टचे पुल-अप लावण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. सेन्सरच्या पिना त्यासाठी नाहीत.

आणखी दोन प्रकरणं, थोडक्यात

सेन्सर पत्त्यावर सापडतो पण लायब्ररी ‘जोडणी झाली नाही’ म्हणते: हेक्स ७५ रजिस्टर वाचा. खरा एमपीयू-६०५० तिथे हेक्स ६८ देतो, एडी० कुठेही असो. ७० आलं तर चिप एमपीयू-६५०० आहे, ७१ आलं तर एमपीयू-९२५०. ६५०० वाईट नाही, पण त्याचं तापमानाचं सूत्र वेगळं आहे: ३३३.८७ ने भागून २१ मिळवायचे. ६०५० चं सूत्र लावलंत तर सुमारे १५ अंश जास्त दिसतील.

आतला डीएमपी (सेन्सरमध्येच कोन काढणारा प्रोसेसर) वापरताना कोन अचानक भलतेच उड्या मारतात: फिफो (आकडे रांगेत साठवणारी जागा) भरून सांडला आहे. तो १०२४ बाइटांचा असतो. ४२ बाइटांची पाकिटं सेकंदाला १०० येत असतील तर पाव सेकंदात भरतो, आणि सांडल्यावर पाकिटांची सीमा चुकते. मुख्य फेरीतले डिले काढा, सिरियलचा वेग ९६०० वरून ११५२०० वर न्या, आणि सांडल्याचा बिट दिसला की फिफो रिकामा करून नव्याने सुरू करा. यॉचा कोन हळूहळू सरकतो ही मात्र बिघाडाची खूण नाही. सहा अक्षांत होकायंत्र नाही, त्यामुळे उभ्या अक्षाभोवतीची चूक दुरुस्त करायला सेन्सरकडे आधारच नसतो.

दुरुस्ती झाली असं वाटलं की रोबो ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी करा आणि मोटर सतत दिशा बदलत राहील असा प्रोग्राम तासभर चालवा. फसलेल्या वाचनांची मोजणी आणि हेक्स ६बीचं मूल्य दोन्ही छापत राहा. मोजणी वाढली आणि ६बी जागेवर राहिलं तर वायरींकडे परत या. ६बी ४० झालं तर विजेकडे. दोन्ही जागेवर असूनही कोन चुकत असेल, तर आता खुशाल फिल्टरचा कोड उघडा.